पूर्व भागातली धान्यपेढी : जून २०२४ ते मार्च २०२५च्या नोंदी

सोलापूरच्या पूर्व भागात आम्ही शेजारपाजारच्या काही जणांनी वस्तीपुरती धान्यपेढी, म्हणजे वर्गणीतून किराणा घेऊन गरजू घरांना फुकट देण्याची सोय, सुरू केली. ज्यांना आपल्या भागात असं काही उभं करायचं आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवल्या आहेत. भाव त्या त्या दिवशी आम्ही मोजलेले आहेत.

रविवार, ९ जून २०२४

खरेदी नंतर करू, आधी कोणत्या घरात काय येतं ते बघू, असं ठरवून फिरायला सुरुवात केली. वस्ती विडी वळणाऱ्या बायकांची आणि यंत्रमागावर आयुष्य गेलेल्या कामगारांची. बऱ्याच घरांत तेलुगू बोलतात, म्हणून प्रत्येक जोडीत तेलुगू येणारं एक माणूस ठेवलं. वहीत चारच रकाने केले. घरात माणसं किती, रेशन कार्ड कोणतं, गॅस आहे की चूल, आणि स्वयंपाक कोण करतं.

ज्यांचं कार्ड चालू आहे त्यांच्या घरी तांदूळ-गहू येतोच. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डाला महिन्याला माणशी ५ किलो, अंत्योदयच्या (सगळ्यांत गरीब घरांच्या) कार्डाला घरटी ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून त्याला पैसेही पडत नाहीत. डब्बे रिकामे आहेत ते डाळीचे, तेलाचे आणि शेंगदाण्याचे. विड्या वळून रिटायर झालेल्या बाईला फंडाची पेन्शन हजाराच्या आसपास. किमान पेन्शनचा हा हजाराचा आकडा २०१४ पासून हललेला नाही. तूरडाळ आज १६५ रुपये किलो आहे. मग आमटीत डाळ कमी आणि पाणी जास्त, असं चाललेलं असतं.

निर्णय असा झाला की पेढीत गहू-तांदूळ घ्यायचा नाही. देणाऱ्यांना हे पटवणं जड गेलं. धान्य म्हटलं की प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे तांदळाचं पोतंच येतं. दोघांनी तांदळाची पोती देऊ केली, त्यांना तेवढ्याच रकमेची डाळ द्या म्हणून विनंती केली. एकानं मानलं, दुसऱ्यानं नाही.

ज्यांचं कार्डच बंद पडलंय किंवा ज्यांचं नाव कार्डावरून उडालंय अशांची यादी वहीच्या मागच्या पानावर वेगळी केली आहे. ती वाटली होती त्यापेक्षा लांब निघाली.

रविवार, २३ जून

गल्लीतल्या मंडळानं मागची खोली दिली. मंडळाचा ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असल्यामुळे वर्गणीची पावती त्यांच्याच पुस्तकावर फाडता येते. तुमच्याकडे नोंदलेली संस्था नसेल तर वर्गणी मागत सुटू नका. सार्वजनिक वर्गणीला आधी धर्मादाय कार्यालयाला कळवावं लागतं. आम्ही पन्नास जणांनी महिना ५०० रुपये कबूल केले, म्हणजे हातात २५,००० रुपये.

अन्न व्यवसायाची नोंदणीही केली. फुकट वाटणाऱ्यालाही ती लागते, कारण कायद्यात अन्न व्यवसायाच्या व्याख्येत नफा होतो की नाही हा प्रश्नच नाही. आमची उलाढाल १२ लाखांच्या आतली, म्हणून वर्षाचे १०० रुपये पडले, ऑनलाइन. तेल फक्त सीलबंद पाऊचचं घ्यायचं, सुटं नाही.

जुनी लोखंडी मांडणी ३,२०० रुपयांना मिळाली. ३० किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा २,८००, पिशव्या सील करायचं हातमशीन १,३५०, झाकणाचे प्लास्टिक ड्रम २,४००. लाकडी फळ्यांचे तराफे सुताच्या गोदामातून फुकट आले. खिडकीला बारीक जाळी मारली. उंदरांचं औषध खोलीत आणायचं नाही, फक्त पिंजरा.

रविवार, ७ जुलै

पहिलं वाटप. साठ घरांना एकसारखी पिशवी : तूरडाळ १ किलो, मूगडाळ अर्धा किलो, शेंगदाणे अर्धा किलो, तेल १ लिटर, गूळ अर्धा किलो. एकूण खर्च २४,८७० रुपये, घरटी साधारण ४१५.

दोन गोष्टी बिनसल्या. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, आणि अर्ध्या वस्तीचा पाण्याचा दिवस नेमका आजच होता. पाणी भरायचं सोडून कोण येणार? दुपारपर्यंत निम्म्या पिशव्या तशाच पडून होत्या. दुसरी गोष्ट दारातच दिसली. पिशवी घेतली की लोक बाहेर कट्ट्यावर बसून अदलाबदल करत होते. एक काका तूरडाळ देऊन तेल मागत होते, सहा माणसांच्या घरातली सून गूळ देऊन डाळ मागत होती. काहींनी हे पाहून ‘गरज नाही वाटतं यांना’ असं म्हटलं. मला ते अजिबात पटलं नाही. गरज होती म्हणूनच अदलाबदल चालली होती, आमची पिशवी त्यांच्या घराच्या मापाची नव्हती.

रविवार, १४ जुलै

पिशव्यांचं पुढे काय झालं ते बघायला घरोघर गेलो. हा दिवस खरेदीच्या दिवसापेक्षा जास्त उपयोगाचा ठरला.

पत्र्याच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या एका आज्जींकडे तूरडाळीची पिशवी तशीच बांधलेली होती. “आज्जी, डाळ आवडत नाही का?” त्यांनी गॅसकडे बोट केलं. “आवडत्ये की. पण ती शिजस्तोवर माझा गॅस संपतोय. कुकरची शिट्टी गेलीया, रबर फाटलंय. बोटानं झाकण बी आवळंना.” मग पातेलं झाकून त्या मूगडाळ आणि रेशनचा तांदूळ एकत्र शिजवतात, सकाळी एकदाच, आणि तेच रात्री पाणी घालून सारखं करून घेतात. शेंगदाण्याची पुडी शेजारच्या पोराला दिली होती, कारण तोंडात दात नाहीत. तेलाचं पाऊच कात्रीनं कापून वाटीत ओतलं होतं, उरलेलं पाऊच खिळ्याला लटकवून ठेवलेलं, खाली सांडू नये म्हणून टोकाला रबरबँड. पानं कापायची जुनी विडीची कात्री अजून घरात आहे, ती याच कामाला.

पलीकडच्या घरात तांदूळ संपला होता, गहू मात्र डब्यात होता. दळणाला पैसे नव्हते. गिरणीवाला किलोला ७ रुपये घेतो. फुकटच्या गव्हाची भाकरी-चपाती व्हायला वरून पैसे लागतात हे आमच्या कुणाच्याच वहीत आलेलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी बसून बदल केले. एकट्या वृद्धांसाठी मूगडाळ वाढवायची, तूर ज्यांच्याकडे कुकर आहे त्यांना. शेंगदाणे भाजून, सोलून, कूट करून द्यायचे. तेल अर्ध्या लिटरच्या पाऊचात. गिरणीवाल्याशी बोलून दळणाची कुपनं छापायची, महिन्याला पाच किलोपर्यंत, हिशेब पेढी चुकता करेल. आणि कुकरची रिंग, शिट्टी, व्हॉल्व्ह यांचा एक डबा पेढीत ठेवायचा. रिंगेला ८०-९० रुपये पडतात, पण एका रिंगेनं एका घराची तूरडाळ परत सुरू होते. इतक्या कमी पैशांत एवढं काम दुसऱ्या कशानं होत नाही.

रविवार, ४ ऑगस्ट

तयार पिशवी बंद. आता मांडणीवर माल ठेवतो आणि ज्यानं त्यानं आपल्याला हवं ते उचलायचं. हातात कार्ड, कार्डावर खुणा. एक खूण म्हणजे ३० रुपयांच्या आसपासचा माल. मूगडाळ पाव किलो एक खूण, शेंगदाण्याचं कूट पाव किलो एक, गूळ अर्धा किलो एक, अर्धा लिटर तेल दोन, अर्धा किलो तूरडाळ तीन. एकट्या माणसाला १० खुणा, दोघांना १२, मोठ्या घराला १६.

वाचता न येणारे बरेच आहेत, त्यामुळे पाट्या लावण्यापेक्षा प्रत्येक खणापुढे मालाची काचेची बरणी ठेवली आणि तिच्यावर जितक्या खुणा तितके लाल ठिपके. हे कोणत्याही भाषेत कळतं.

पहिल्या तासात रांग फार हळू सरकली. निवडायला वेळ लागतोच. मग सकाळी आठ ते दहा फक्त वृद्धांसाठी ठेवलं, दारात खुर्च्या टाकल्या, आणि पाण्याच्या पाळीप्रमाणे वस्तीचे दोन भाग करून दोन वेगळे दिवस दिले. गर्दी निम्मी झाली. माल गेल्या महिन्याएवढाच लागला, पण कट्ट्यावरची अदलाबदल थांबली.

रविवार, १८ ऑगस्ट

पावसाळ्यानं गाठलं. कुणीतरी देणगीत दिलेल्या ४० किलो रव्यात जाळी झाली, आत अळ्या. तूरडाळीच्या दोन पोत्यांत भुंगे. पोती तराफ्यावर होती पण भिंतीला टेकलेली होती, आणि त्या भिंतीला ओल आहे. रवा सगळा फेकला. साधारण १,६०० रुपयांचा माल. थोडी डाळ चाळून, उन्हं पडली तेव्हा गच्चीवर वाळवून वाचवली.

एक जण धान्यात ठेवायच्या फॉस्फाईडच्या गोळ्या घेऊन आला होता. मोठ्या गोदामात वापरतात, स्वस्त पडतात. त्या आम्ही दारातूनच परत पाठवल्या, आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगते की त्या वस्तीत आणू नका. ओल लागली की त्यांतून विषारी वायू सुटतो. आमच्या खोलीच्या भिंतीला लागून लोक झोपतात, मुलं झोपतात. बंद घरात या गोळ्यांनी माणसं गेलेली आहेत. अर्धं पोतं डाळ वाया गेली तरी चालेल.

त्याऐवजी केलेल्या गोष्टी : पावसाळ्यात एका महिन्यापेक्षा जास्त साठा करायचा नाही. पोतं भिंतीपासून हातभर लांब. डाळीला एरंडेलाचं बोट लावून ती ड्रममध्ये, झाकण घट्ट. रवा घ्यायचाच तर आल्या दिवशी भाजून. नवा माल मागे, जुना पुढे. ड्रमवर आल्याची तारीख खडूनं. कडुलिंबाचा पाला घालून बघितला, तो सुकला की चुरा डाळीत मिसळतो आणि निवडायचं काम म्हाताऱ्या डोळ्यांवर पडतं, म्हणून बंद केला.

उद्या नारळी पौर्णिमा. मार्कंडेयांचा रथ निघतो, पूर्व भागातले रस्ते भरलेले असतात. आठवडाभर खरेदीचा टेम्पो बोलावू नका, असं पुढच्या वर्षासाठी लिहून ठेवते.

रविवार, १ सप्टेंबर

मागच्या पानावरच्या यादीचं काम सुरू केलं. पेढीचं खरं काम इथे आहे असं मला आता वाटू लागलंय.

रेशन दुकानात यंत्रावर अंगठा लागतो. ज्या बाईनं पन्नास वर्षं रोज हजार विड्या वळल्या तिच्या बोटांवर रेषा उरत नाहीत. अंगठा ठेवला की यंत्र नाही म्हणतं, आणि दुकानदार म्हणतो पुढच्या महिन्यात या. त्यातच आता कार्डावरच्या प्रत्येकाची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, मागतायत. ती झाली नाही तर नाव उडण्याची भीती.

एका अम्मांना घेऊन दुकानात गेले. उजवा अंगठा नाही, डावा नाही. कोमट पाण्यानं हात धुवून, पुसून, खोबरेल चोळून परत पुसलं, करंगळीशेजारचं बोट लावलं, ते लागलं. तेव्हापासून आमच्यातलं एक माणूस दर महिन्याला वाटपाच्या दिवशी दुकानाबाहेर ओला रुमाल आणि तेलाची बाटली घेऊन बसतं. दहाही बोटं लावून बघायची. अंगठाच पाहिजे असं काही नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. नव्या यंत्राला डोळ्याचा स्कॅनर असतो, तो पेटीत बांधून ठेवलेला असतो. तो बाहेर काढा असं नम्रपणे पण ठाम सांगायचं. तरीही परत पाठवलं तर १९६७ वर किंवा १८००२२४९५० वर तक्रार नोंदवायची, नंबर लिहून घ्यायचा. तक्रार नोंदवतोय एवढं कळलं तरी बऱ्याचदा स्कॅनर सापडतो.

पेढी एका एकट्या माणसाला महिन्याला ३०० रुपयांचा माल देते. चालू झालेलं कार्ड त्याला जन्मभर दर महिन्याला ५ किलो धान्य देतं. पेढीत माणसं कमी असतील तर कुणाला मांडणीवर उभं करायचं आणि कुणाला दुकानात पाठवायचं, याचा विचार या हिशेबानं करा.

रविवार, २९ सप्टेंबर

१४ सप्टेंबरपासून खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढलं. जुलैमध्ये ११२ला घेतलेला लिटर आज १४० पडला. साठ लिटरला १,६८० रुपये जास्त. तेलाच्या खुणा वाढवल्या नाहीत, कारण भाज्यांऐवजी तेल-चटणी-भात खाणारी घरं आहेत. गूळ कमी केला आणि पाच नवे वर्गणीदार शोधले.

एक मोठा देणगीदार गेला. त्याला वाटप करतानाचे फोटो हवे होते. आम्ही पहिल्या दिवसापासून खोलीत फोटो बंद ठेवलेत. इथे येणाऱ्यांत असे आजोबा आहेत ज्यांच्या मागावरच्या चादरी घराघरांत आहेत. कॅमेरा दिसला असता तर ते पुन्हा आले नसते. बिलांचे फोटो, ड्रमचे फोटो, महिन्याचा हिशेब, एवढं सगळ्या वर्गणीदारांना जातं. पैसे गेले याचं वाईट वाटलं, निर्णयाचं नाही.

रविवार, २० ऑक्टोबर

१५ तारखेला विधानसभेची आचारसंहिता लागली. एका इच्छुकाच्या माणसांनी दिवाळीसाठी २०० पिशव्या देऊ केल्या, पिशवीवर फोटोसकट. नको म्हटलं. तेलाचा टेम्पो तपासणी नाक्यावर अडकला, कारण बिलं माझ्याकडे होती, ड्रायव्हरकडे नव्हती. सकाळचे चार तास गेले, वृद्धांची वेळ हुकली. आता बिलाची प्रत टेम्पोतच. मंडळाच्या पिशव्यांवरचं नावही दिवाळीपुरतं नको म्हणून कोऱ्या पिशव्या वापरल्या, आणि वाटपाचं पत्र निवडणूक कार्यालयात देऊन पोच घेतली.

रविवार, ८ डिसेंबर

निराधार आणि श्रावणबाळ या सरकारी योजनांच्या पेन्शनचे पैसे आता आधार जोडलेल्या खात्यात थेट येणार. आमच्या यादीत बऱ्याच जणांचं खातं आधारला जोडलेलंच नाही, किंवा वेगळ्याच बँकेत जोडलेलं. दरमहा १,५०० रुपये म्हणजे यांच्यासाठी घर चालतं की नाही एवढा फरक. एक बँकेतून निवृत्त झालेले काका शनिवारी पेढीत बसतात, पासबुक बघतात आणि कोणत्या शाखेत जायचं ते चिठ्ठीवर लिहून देतात.

हे काम करतानाच कळलं की पासष्टीच्या वरच्या काही बायकांना ‘लाडकी बहीण’साठी कुणीतरी रांगेत उभं केलं होतं. ती योजना ६५ वर्षांपर्यंतच आहे. पुढे श्रावणबाळ, त्याला वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आतला दाखला लागतो. पाच जणींचे अर्ज भरले.

रविवार, १२ जानेवारी २०२५

सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा सुरू आहे, त्यामुळे आज वाटप नाही. संक्रांतीसाठी प्रत्येक कार्डाला पाव किलो तीळ आणि गूळ, खुणा न मारता.

रविवार, ९ मार्च

तुरीचं नवं पीक आल्यापासून डाळ १२५ वर आली. जूनच्या मानानं किलोला ४० रुपये वाचतात. ते पैसे ज्वारीकडे वळवले.

ज्वारी पहिल्यापासून सगळे मागत होते. रेशनवर गहू-तांदूळ येतो, पण इथल्या माणसाचं पोट भाकरीनं भरतं. मंगळवेढ्याच्या एका शेतकऱ्याकडून मालदांडी घेतली, ३,६०० रुपये क्विंटल, आमच्या दारात पोच. पहिलं पोतं पीठ करून पाकिटात भरलं होतं. तीन आठवड्यांनी ते कडवट लागू लागलं, भाकरी थापताना तुटायची. आता ज्वारी दाण्याचीच देतो, अडीच किलोची पिशवी, आणि दळणाचं कुपन सोबत. ज्यांना भाकरी थापणं हातानं जमत नाही त्यांच्यासाठी गल्लीतल्या दोन बायका भाकऱ्या करून देतात, भाकरीला ३ रुपये मजुरी पेढी देते. त्यांनाही घरबसल्या काम मिळालं.

ई-केवायसीसाठी आता मोबाइलवर चेहऱ्यानं ओळख पटवणारं ‘मेरा ई-केवायसी’ ॲप आलंय. बोटं न लागणाऱ्यांसाठी हा मोठा आधार. उजेड तोंडावर पाहिजे, पाठीमागे खिडकी नको, चष्मा काढायचा, डोळ्यांची उघडझाप करायची. अंथरुणाला खिळलेल्यांकडे फोन घेऊन घरी जाता येतं. मागच्या पानावरची नावं एकेक करून खोडली जातायत. ज्यांच्या आधारला मोबाइल नंबरच जोडलेला नाही त्यांचं अडतं, कारण ओटीपी त्याच नंबरवर जातो. त्यांना आधी आधार केंद्रात न्यावं लागेल. रिक्षाचे पैसे पुढच्या महिन्याच्या खर्चात धरले आहेत.

एप्रिलची खरेदी : तूरडाळ ५० किलो, मूगडाळ ४५, शेंगदाणे ३०, अर्ध्या लिटरची तेलाची पाऊच १२०, ज्वारी दोन क्विंटल, कुकरच्या रिंगा एक डझन. पावसाळ्याआधी त्या ओल्या भिंतीला गिलावा करून घ्यायचा आहे, गवंड्यानं ६,००० सांगितलेत.